पळस, मोहोर, बदाम: सोलापुरातून ठेवलेली बहराची नोंदवही

१२ जानेवारी

काम ठरलं ते असं. थंडी सरताना सोलापुरात कोणतं झाड कधी फुलतं, आणि त्याच आठवड्यात रत्नागिरी, चंद्रपूर, महाबळेश्वर आणि श्रीनगर इथे काय चाललेलं असतं, हे मार्चअखेरपर्यंत एकाच पद्धतीने नोंदवायचं. प्रत्येक ठिकाणी लिहून कळवणारं एक तरी माणूस मिळालं आहे. आपल्या गावात हेच करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून काय फसलं, खर्च किती आला आणि वेळ कुठे गेला, तेही इथे लिहून ठेवत आहोत.

झाडं निवडताना पहिला विचार शेवग्याचा होता, कारण तो दारोदारी आहे. पण त्याची छाटणी होते, मोरीचं पाणी मिळतं आणि तो वर्षातून दोनदाही फुलतो, त्यामुळे त्याचा बहर हवामानाबद्दल काही सांगत नाही. म्हणून तो वगळला. महापालिकेने रस्त्याकडेला लावलेला गुलाबी टॅबेबुया दिसतो सुरेख, पण चंद्रपूरच्या रानात त्याची जोडी नाही. यादीत राहिले पळस, काटेसावर, आंबा आणि कडुनिंब. पळस दोन जागी घेतला: तुळजापूर रस्त्याकडच्या मुरमाड माळावर पाच झाडं आणि मोहोळकडे उजनीच्या कालव्यालगतच्या बांधांवर पाच. एकेका झाडावर विसंबू नये. पळसात झाडागणिक फरक इतका असतो की शेजारशेजारची दोन झाडंही आठ-दहा दिवसांच्या अंतराने फुलतात.

१६ जानेवारी

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीमुळे शहरातलं काम दोन दिवस लांबलं. आज झाडांना क्रमांक बांधले.

खिळा ठोकायचा नाही, हे आधीच ठरलेलं होतं. सुतळी उन्हात आणि धुळीत पहिल्या आठवड्यातच सैल पडते, शेळ्या ती चावतातही. नायलॉनची दोरी टिकते, पण झाड जाड होऊ लागलं की सालीत रुतते. सर्वांत चांगली निघाली ती सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी. ती ताणली जाते, सालीला काचत नाही आणि पंक्चरच्या दुकानात फुकट मिळते. क्रमांकासाठी शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा कापला. जुन्या वहीवर पत्रा ठेवून बॉलपेनने दाबून आकडा उमटवला की तो पुसला जात नाही. पत्र्याच्या कडा दुमडून घ्या, नाहीतर हात कापतो.

बांधावरच्या झाडांसाठी शेतकऱ्यांना विचारूनच जावं. नान्नजच्या अभयारण्यात गिरिपुष्पाची नोंद घ्यायची कल्पना होती, पण तिथे वनखात्याची परवानगी लागते आणि तिला लागणारा वेळ या हंगामात बसणारा नव्हता.

२१ जानेवारी

तापमापीवर या कामातला सर्वांत जास्त वेळ गेला, म्हणून थोडं सविस्तर.

सुरुवातीला वायरच्या टोकाला सेन्सर असलेली साधी डिजिटल तापमापी (अडीचशे-तीनशे रुपये) भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टांगली. दुपारी तीनला ती वेधशाळेच्या सोलापूर केंद्राच्या कमाल तापमानापेक्षा चार-पाच अंश जास्त दाखवायची. मोजलं जात होतं ते तापलेल्या पत्र्याचं तापमान. डबा सावलीत नेला तरी फरक उरला, कारण खाली सिमेंटचा कोबा होता.

डबा बाद करून कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिक ताटल्यांचा मनोरा केला:

ताटल्या सहा, सात इंची. सगळ्यात वरची अखंड. खालच्या पाचांना मधोमध अडीच इंचाचं भोक. आट्यांच्या तीन सळ्या, ६ मिमी जाड आणि एक फूट लांब. दोन ताटल्यांमध्ये अंतर राखायला पीव्हीसी नळीचे दोन सेंमीचे तुकडे. ताटल्या उपड्या एकावर एक रचायच्या, म्हणजे ऊन आत शिरत नाही आणि फटींतून वारा खेळतो. सेन्सर बरोबर मध्यभागी, कुठल्याही ताटलीला न टेकता. आतल्या बाजूला मॅट काळा रंग दिला की खालून परावर्तित होऊन येणारा उजेड सेन्सरपर्यंत पोचत नाही.

तापवलेल्या सुरीने भोक पाडताना दोन ताटल्या तडकल्या. सुताराकडच्या गोल करवतीच्या बिटाने काम स्वच्छ होतं. ड्रिल मात्र हळू फिरवायचं, जोरात फिरवलं की प्लास्टिक वितळून बिटाला चिकटतं. एका मनोऱ्याला सगळं धरून साडेतीनशेच्या आसपास खर्च आला.

जमिनीपासूनची उंची दीड मीटर, खाली माती किंवा गवत. उंची सगळीकडे सारखी का हवी, हे महाबळेश्वरच्या नोंदीवरून समजतं. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात त्या पहाटे दीड मीटरवरची हवा शून्याच्या बरीच वर असू शकते. निरभ्र रात्री गवताचं पातं आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा गार होतं. एकाने पात्याजवळ मोजलं आणि दुसऱ्याने दीड मीटरवर, तर दोन गावांची तुलना तिथेच संपते.

२६ जानेवारी

सगळ्या तापमापींची बर्फात तपासणी केली. बर्फ बारीक चुरून ग्लासात गच्च भरावा, त्यात फटी भरतील एवढंच थंड पाणी घालावं, सेन्सर मधोमध धरून सतत ढवळत राहावं आणि दहा-पंधरा मिनिटांनी आकडा लिहावा. तो ० यायला हवा. आमच्याकडच्यांपैकी एकीने ०.९ दाखवलं, एकीने उणे ०.४. जी जितकी चुकते तितकी वजावट तिच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहिली. बर्फ कमी आणि पाणी जास्त झालं की तळाचं पाणी चार अंशांपर्यंत राहतं आणि वजावटच चुकते. रत्नागिरीहून आलेला पहिला आकडा यामुळेच परत मागवावा लागला.

सोलापुरात धूळ भयंकर. मनोऱ्याची पांढरी ताटली आठ दिवसांत मातकट होते आणि ऊन शोषायला लागते. दर रविवारी ओल्या फडक्याने पुसणं हे कामाच्या यादीतच घातलं.

२ फेब्रुवारी

‘फुललं’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येईना. चंद्रपूरहून ‘पळस फुलला’ असा निरोप आला. फोटो पाहिला तर फांदीवर नुसत्या कळ्या. तिकडे कळ्या धरल्या की तसंच म्हणतात, आणि त्यात वावगं काही नाही. पण वहीत ते चालत नाही.

जपानची हवामान संस्था चेरीसाठी यावर साधा तोडगा वापरते. ठरलेल्या नमुना-झाडावर पाच-सहा फुलं उघडली की त्या शहराचा बहर सुरू झाला. टोकियोचं असं झाड यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. फक्त ठरलेलं झाड आणि मोजता येईल एवढी फुलं, हे तत्त्व घेऊन आम्ही आपल्या झाडांसाठी असे नियम केले.

पळस: पाच वेगवेगळ्या तुऱ्यांवर किमान एकेक फूल पूर्ण उघडलेलं, म्हणजे पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी बाहेर सुटलेली. काळपट मखमली कळीतून केशरी टोक डोकावतंय, तर ती कळीच.
आंबा: दहा मोहोरांवर बुडाकडची फुलं उमललेली.
काटेसावर: झाडाखाली सकाळी पाच ताजी फुलं.
कडुनिंब: पाच घोसांवर पांढरी फुलं उमललेली आणि वास येणारा.

त्यापुढची पायरी झाडाचा निम्मा माथा फुललेला असण्याची, शेवटची नवं फूल न उघडण्याची. दर आठवड्याला तोच वार, सकाळी आठच्या आत. पानांसाठी वेगळा रकाना: सगळी, निम्मी, थोडी, नाहीत. हा रकाना सुरुवातीला शोभेचा वाटला होता. पुढे सगळ्यात कामाला आला तो हाच.

९ फेब्रुवारी

माळावरच्या पाचपैकी तीन पळस नियमाप्रमाणे सुरू झाले, त्यांच्यावर पान जवळजवळ नाही. कालव्याकाठचे पाचही अजून हिरवे, कळ्या बारीक.

रत्नागिरीहून हापूसची नोंद आली: बहुतेक झाडांवर वाटाण्याएवढी ते सुपारीएवढी फळं आणि काही झाडांवर त्याच वेळी नवा मोहोर. हा पुनर्मोहोर. आंब्याला मोहोरायला पक्व फांदी आणि काही आठवडे गार रात्री लागतात, साधारण पंधरा अंशांच्या आसपास. कोकणात समुद्रामुळे रात्री फारशा गार होत नाहीत. थंडी लांबली की फळ धरलेल्या फांदीवर परत मोहोर निघतो आणि अन्न तिकडे वळून आधीची फळं गळतात. दापोलीच्या विद्यापीठाची यावर जिबरेलिक ॲसिड ५० पीपीएम फवारायची शिफारस आहे. आपल्या वहीसाठी मुद्दा एवढाच की आंब्याच्या रकान्यात ‘पहिला मोहोर’ आणि ‘दुसरा मोहोर’ वेगळे हवेत. एकच तारीख लिहिली तर कोकणातला बहर दीड महिना चालल्यासारखा दिसतो.

१४ फेब्रुवारी

तापमानाची बेरीज करून बहराचा दिवस काढता येतो का, ते पाहिलं. टोकियोसाठी एक ढोबळ हिशोब प्रसिद्ध आहे: १ फेब्रुवारीपासून रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज ४०० झाली की चेरी फुलते. तिथे फेब्रुवारीची सरासरी सहा-सात अंश, मार्चची नऊ-दहा. म्हणजे ४०० गाठायला मार्चचा तिसरा-चौथा आठवडा लागतो, आणि बहर त्याच सुमारास येतो.

सोलापुरात फेब्रुवारीचा दिवस सरासरी पंचवीस अंशांचा. तीच बेरीज सोळा दिवसांत पुरी होते. मग वाटलं की आपल्या झाडांसाठी दुसरा आकडा बसवावा. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आकडा बसत नाही याचं कारण पळसाच्या दोन जागांनीच दाखवलं. माळावरचं आणि कालव्याकाठचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आतबाहेर सारखंच, आणि बहर मात्र एकीकडे सुरू, दुसरीकडे नाही. तापमान सारखं आणि निकाल वेगळा, तर तापमानाची कुठलीही बेरीज तो फरक दाखवू शकणार नाही.

चेरी किंवा बदाम थंडीत झोपलेले असतात. त्यांना आधी पुरेशी थंडी लागते, मग ऊब. सोलापुरात झाडाला थांबवून धरणारी थंडीच नाही. इथे हिवाळा सरतो म्हणजे ओल सरते. पळस पान गाळतो, पानांतून उडणारं पाणी थांबतं, मुळं खोलवरून जे थोडं पाणी ओढतात त्याने खोड पुन्हा भरतं आणि त्या पाण्यावर कळी उघडते. म्हणून इथे तापमापीइतकंच पानगळीकडे आणि मातीकडे बघायला हवं. आजपासून ओल मोजायची.

१८ फेब्रुवारी

ओल मोजायची रीत: झाडापासून दोन मीटरवर ३० सेंमी खोल माती काढून लगेच जाड पिशवीत बांधायची. घरी १०० ग्रॅम मोजून पसरट भांड्यात, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन उतरायचं थांबेपर्यंत. जितकं वजन घटलं तितकं पाणी. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालतो. तव्यावर भाजू नका, मातीतलं सेंद्रियही जळतं आणि आकडा फुगतो.

माळावर पहारीने वीस सेंमीच्या खाली जाता येईना. एका बोअरवेलवाल्याकडून हाताने फिरवायचा गिरमीट एका दिवसासाठी आणला तेव्हा काम झालं. मुरमात १०० ग्रॅममागे सहा ग्रॅम पाणी निघालं, कालव्याकाठच्या काळ्या मातीत सत्तावीस. पण हे दोन आकडे थेट एकमेकांसमोर ठेवू नयेत. काळी माती पाणी इतकं घट्ट धरते की त्यात अठरा-वीस ग्रॅम असतानाही झाड सुकू शकतं. म्हणून त्याच जागेचा आकडा आठवड्यागणिक किती उतरतो, तेवढंच पाहायचं.

मोहोळकडे याच आठवड्यात आवर्तन, म्हणजे कालव्याची पाण्याची पाळी, सुटलं. काळ्या मातीचा आकडा उतरण्याऐवजी चढला. कालव्याकाठी झाडं असतील तर पाणी कधी सुटलं आणि कधी बंद झालं, याची तारीख लिहायलाच हवी.

२३ फेब्रुवारी

काटेसावर. हिची फुलं वर मोजता येत नाहीत, झाड उंच आणि काटेरी. खाली पडलेली मोजायची ठरली: एक मीटर बाय एक मीटरची सुतळीची चौकट, झाडाच्या चारही दिशांना एकेक. शहरातल्या झाडाखाली दोन आठवडे शून्य येत होतं आणि फांद्या तर लाल. सकाळी झाडलोट आधी होते. माळाकडच्या झाडाखाली शेळ्या येतात, त्यांना ही मांसल फुलं फार आवडतात. आता झाडणाऱ्या मावशींना सांगून पश्चिमेची चौकट झाडलोटीतून वगळली आहे. त्या आठवणीने तेवढी जागा सोडतात. माळावरची मोजणी साडेसहाला, कळप यायच्या आधी.

पळसाचीही पडलेली फुलं मोजावीत का? नाही. वाळली तरी त्यांचा केशरी रंग बरेच दिवस टिकतो. हातात घेतलं तर ताजं फूल ओलसर, लवचीक लागतं आणि जुनं कुरकुरतं, पण चौकटीत शंभरेक फुलं असताना एकेक दाबून बघणं होत नाही.

१ मार्च

चंद्रपूरचा पळस आता खरोखर सुरू झाला. तिकडे पाऊस सोलापूरच्या जवळपास दुप्पट, ओल जास्त दिवस टिकते, पानंही उशिरा गळली. तिकडच्या रात्री जानेवारीत सोलापूरपेक्षा गार होत्या. फक्त तापमान पाहिलं असतं तर उशीर थंडीच्या नावावर लिहिला गेला असता. पानांचा रकाना मात्र माळावरच्या पळसाशी जुळतो: दोन्हीकडे तीन चतुर्थांश पानं गेल्यावर आठवडा-दीड आठवड्यात नियमाचा बहर. तिकडच्या मोहाच्या झाडांना अजून फुलं नाहीत. मोहाची फुलं रात्री उमलून पहाटे गळतात, म्हणून तिकडच्या सदस्याला मोजणी उजाडतानाच करायला सांगितलं आहे. नंतर वेचणारे येतात.

५ मार्च

काल दुपारनंतर आभाळ भरून आलं, रात्री वारा आणि पाऊस, बार्शीकडे गारा. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवा, आला की काश्मिरात बर्फ पडतो. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून बाष्प आलं तर आपल्याकडे ही अवकाळी होते. द्राक्ष आणि काढणीला आलेल्या ज्वारीचं जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यापुढे आमच्या फुलांचं काहीच नाही. पण नोंदीत एक पेच आला. पळसाचे तुरे वाऱ्याने झडले आणि आठवड्याच्या फेरीत माथा ओका दिसला. हे ‘बहर संपला’ नव्हे. ‘झड’ असा नवा रकाना केला, आणि शेवटची पायरी लागोपाठ दोन फेऱ्यांत नवं फूल नसेल तरच लिहायची.

माळावरच्या मनोऱ्याची वरची ताटली उडाली. आटीवर दुसरा नट चढवला असता तर टिकली असती. आता सगळीकडे दुहेरी नट आहेत.

१४ मार्च

श्रीनगरहून: बदामवारी या तिथल्या बदामबागेत बदाम फुलायला लागला. तिकडचा हिवाळा लोकांनीच भागांत मोजून ठेवला आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलां, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. बदामाची थंडीची गरज त्यात भागते आणि मार्चची ऊब मिळताच पानांच्या आधी फुलं येतात.

पळसही पानांशिवाय फुलतो, बदामही. फोटो शेजारी ठेवले तर दोन्ही ‘निष्पर्ण फांदीवर बहर’. पण बदामाने पानं शरदात थंडीपायी गाळली, पळसाने आता कोरडेपणापायी. म्हणून तक्त्यात ‘पान केव्हा गेलं’ आणि ‘कशामुळे’ हे दोन्ही रकाने ठेवले. त्यांच्याशिवाय श्रीनगर आणि सोलापूर एका तक्त्यात बसवू नयेत.

कालव्याकाठचे पळस या आठवड्यात नियमात आले, माळाच्या महिनाभर मागे. दोन झाडांवर पानं आणि फुलं एकत्र, फुलं विरळ.

२२ मार्च

कडुनिंब. माळावरच्या कडुनिंबांना तांबूस पालवी आणि पहिले घोस. नियमात ‘वास येणारा’ असं लिहिलं ते इथे उपयोगी पडलं. घोस दिसतात पण कळ्या मिटलेल्या असतात, आणि खालून हा फरक डोळ्याला कळत नाही. उमललेला घोस सकाळी झाडाखाली उभं राहिलं की वासावरून समजतो. दुर्बीण असेल तर ८×४० पुरते.

२९ मार्च

खर्चाचा हिशोब, एका गावापुरता: तापमापी आणि मनोरा सहाशे-साडेसहाशे, वह्या आणि चिकटपट्टी दीडशे, गिरमिटाचं एका दिवसाचं भाडं तीनशे. पेट्रोल यात नाही, आणि खरा खर्च तोच आहे. झाडं रोजच्या वाटेवर निवडली तर तो निम्म्याने कमी होतो.

पुढच्या खेपेसाठी बदल: सुरुवात जानेवारीत न करता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कारण माळावरच्या पानगळीची सुरुवात हातून गेली. ओलीचं मोजमाप पहिल्या दिवसापासून. बार्शी आणि सांगोल्याकडून प्रत्येकी एक माळाची जागा. डाळिंब घेऊ नये, असं ठरलं. त्याचा आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरचा बहर, शेतकरी पाणी तोडून आणि पुन्हा देऊन धरतो, त्यामुळे तारीख हवामानाची नसून बागायतदाराची असते.

ट्यूबच्या पट्ट्या काढलेल्या नाहीत. त्याच वाटेवरच्या बहाव्यांनाही क्रमांक बांधले आहेत. पहिली फेरी येत्या शनिवारी, सकाळी साडेसहा, तुळजापूर नाक्यावरून.